कुणीच न वाचलेलं पुस्तक

चंदीगड, सेक्टर 30
2 डिसेंबर 2024

कृष्णे,

आधी वचन दे की हसणार नाहीस. मी पुरती अडकले आहे.

शनिवारी मराठी मंडळाचं वाचनमंडळ आमच्याकडे होतं. प्रयोगशाळेच्या क्वार्टरमधल्या आमच्या त्या टीचभर हॉलमध्ये चौदा बायका. चंडीमंदिरच्या छावणीतून मधुरिमाताई आल्या होत्या. त्या सध्या अध्यक्ष, पण कर्नलसाहेबांची जूनमध्ये बदली होणार. चहा झाल्यावर त्यांनी जाहीर केलं, की पुढची अध्यक्ष सुहासिनी. "इतकं वाचणारी बाई मी तीन पोस्टिंगमध्ये पाहिली नाही," म्हणाल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गोंधळात मीसुद्धा वाजवल्या!

मी किती वाचते ते तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? चौथ्या पानावर माझे डोळे मिटतात. मराठी घेऊन बी.ए. झाले ती तुझ्या वह्यांवर. आठ वर्षांपूर्वी इथे आले तेव्हा कुणीतरी विचारलं, तुमची आवड काय, आणि माझ्या तोंडून "वाचन" निघून गेलं. काय करणार होते? ह्यांचं संशोधन, मधुरिमाताईंचे सैन्यातले किस्से, त्या चिमुरड्या कश्मिराची मोहालीतली मोठ्ठी नोकरी. माझ्याकडे सांगण्यासारखं काय होतं, तर पोळ्या. तेव्हापासून पाचोऱ्याच्या वाचनालयातून तू पाठवतेस त्या चिठ्ठ्यांवर माझी अब्रू उभी आहे. वर दाखल क्रमांक, खाली सार, त्याखाली "बोलायचे मुद्दे". मी ते तीन मुद्दे पाठ करते, मधेच चष्मा काढते, आणि बोलते. लोक माना डोलावतात.

14 तारखेला धरणावरच्या त्या जाडजूड कादंबरीवर चर्चा आहे. सातशे पानं! लवकर पाठव. आणि नेहमीसारखं पोस्टानेच. फोनवर पुस्तकाचं चकार अक्षर नको. मागे तुझं सार चुकून मंडळाच्या ग्रुपवर जाता जाता राहिलं, तेव्हापासून धसकाच घेतलाय मी. शिवाय माझा फोन सारखा लेकीच्या हातात असतो. इराला मराठी हस्ताक्षर वाचता येत नाही हे एक बरं आहे.

तुझी,
सुहास


पाचोरा
7 डिसेंबर 2024

सुहास,

हसले नाही. थोडी हसले.

चिठ्ठी सोबत आहे. मुद्दे तीनच दिलेत. तिसरा शेवटी बोल, तो जरा वादाचा आहे. कुणी विस्थापितांच्या भाषेबद्दल विचारलं तर "तिथेच लेखक कमी पडतो" एवढं म्हणून गप्प बस.

आता माझं. गेल्या दोन पत्रांतही लिहिलं होतं, तू उत्तर दिलं नाहीस. सहा वर्षांपूर्वी दिवाळीला तू माहेरी आली होतीस, तेव्हा आमच्या अण्णांनी एका कागदावर तुझी सही घेतली होती. ते त्यांचं मृत्युपत्र. माडीच्या दोन खोल्या त्यांनी माझ्या नावे केल्या आहेत. साक्षीदार दोघंच, तू आणि डॉक्टरकाका. डॉक्टरकाका श्रावणात गेले. दादाच्या अंशुमनचं लग्न ठरलंय आणि दादाला माडी हवी आहे. त्याचं म्हणणं, तो कागद खोटा, मीच बनवलेला. हक्कसोडपत्र तयार करून आणलंय त्याने. सही कर, साडीचोळी देतो म्हणतो.

मला दुसरीकडे जागा नाही, सुहास. तुला एवढंच करायचंय. सही माझी आहे आणि अण्णांनी माझ्यासमोर सही केली, असं लिहून द्यायचं. दोनदा फोन केला, "मग करते" असा मेसेज आला. आता फोन दादाकडे आहे. वाचनालयाच्या पत्त्यावर लिही.

कृष्णा


चंदीगड
24 डिसेंबर 2024

कृष्णे, कृष्णे!

काय सांगू तुला. तिसरा मुद्दा टाकला आणि मधुरिमाताईंनी वहीत लिहून घेतला. लिहून! विस्थापितांच्या भाषेचं कश्मिराने विचारलंच. "तिथेच लेखक कमी पडतो," म्हटलं आणि खिडकीबाहेर बघत बसले. बाहेर धुक्याशिवाय काही नव्हतं, पण परिणाम झाला.

तुझ्या पत्रात शेवटी घरचं काहीतरी आहे, ते निवांत वाचते गं. सध्या इथे थंडीने बोटं वळत नाहीत आणि डोक्याला ताप वेगळाच. 26 जानेवारीला मंडळाचा मोठा कार्यक्रम आहे. त्यात मी अर्धा तास एकटीने बोलायचंय, "मला भेटलेलं पुस्तक" या विषयावर. दोनशे माणसं येतील. त्यांतल्या एकाने जरी ते पुस्तक वाचलेलं असलं आणि उभं राहून प्रश्न विचारला, तर मी तिथेच संपले. रात्री झोप लागत नाही. ह्यांना सांगता येत नाही, त्यांनाही मी वाचते असंच वाटतं. घरात शंभर पुस्तकं आहेत कृष्णे, आणि मी त्यांची फक्त धूळ पुसते.

मला कुणीच वाचलेलं नसेल असं पुस्तक दे. कुणीच म्हणजे कुणीच. पाया पडते तुझ्या.

सुहास

ता. क. दादांना, वहिनींना नमस्कार. अण्णांची तब्येत कशी आहे?


पाचोरा
4 जानेवारी 2025

सुहास,

अण्णांना जाऊन पाच वर्षं झाली. तू तेव्हा फोन केला होतास.

तू माझी पत्रं वाचत नाहीस, चिठ्ठी वाचतेस. ठीक आहे. म्हणून या वेळी पत्र लिहीत नाही, चिठ्ठीच पाठवते. कुणीच न वाचलेलं पुस्तक हवं होतंस ना, हे घे.

दाखल क्रमांक: दिलेला नाही. मुखपृष्ठ आणि पहिली पानं नाहीत, त्यामुळे नाव सांगता येत नाही.

सार: तालुक्याच्या गावी एक बाई वडिलांच्या घरात माडीवर राहते. लग्न केलं नाही, वडिलांचं आजारपण काढलं. वडिलांनी माडी तिच्या नावे लिहून ठेवली. साक्षीदार दोन. एक वारला. दुसरी बाईची जुनी मैत्रीण, परगावी असते. तिने सही केली तेव्हा कागद वाचला नव्हता, त्यामुळे तिला काही आठवत नाही. भाऊ म्हणतो, 21 फेब्रुवारीपर्यंत साक्षीदार उभा कर, नाहीतर निबंधकाच्या ऑफिसात येऊन हक्क सोड. खालून जेवणाचं ताट येणं बंद झालंय. जिन्यावर लग्नाच्या सामानाची खोकी रचलीत, बाईला अंग चोरून वर जावं लागतं. ती मैत्रिणीला पत्र लिहिते. मैत्रीण उत्तर पाठवते, पण भलत्याच गोष्टींचं. बाई पुन्हा लिहिते. तिला भीती वाटते. ती पन्नाशीची आहे आणि तिला आयुष्यात पहिल्यांदा इतकी भीती वाटते. शेवटचं प्रकरण मिळालेलं नाही.

बोलायचे मुद्दे: एकच. मैत्रिणीने काय करावं?

कृष्णा


चंदीगड
28 जानेवारी 2025

माझी लाडकी कृष्णा,

तू देव आहेस!

अर्धा तास बोलले. दोनशे माणसं, त्यांत दोन ब्रिगेडियर आणि एअर फोर्सची मंडळी, टाचणी पडली तरी ऐकू यावी. "ही आपली सगळ्यांची गोष्ट वाटते," असं म्हटलं तेव्हा तर पहिल्या रांगेतल्या बायकांनी रुमाल काढले. त्या जिन्यावरच्या खोक्यांचं मी फार रंगवून सांगितलं. भावाची बाजूही मांडली, म्हणजे एकांगी वाटायला नको.

मग प्रश्न आला, आणि तुझाच मुद्दा निघाला. एका काकांनी विचारलं, त्या मैत्रिणीचं काय? मी क्षणभर गांगरले. मग सुचलं. म्हटलं, खरं सांगायचं तर ते पात्र अनावश्यक आहे. लेखिकेने ते काढून टाकायला हवं होतं. बाईची लढाई बाईनेच लढायची असते. मैत्रीण आली काय, न आली काय, फरक पडत नाही. आणि सही करून मोकळं होणं हाच तिचा खरा विजय आहे, भिंतींत काय असतं? यावर टाळ्या पडल्या गं, खणखणीत! मधुरिमाताई म्हणाल्या, समीक्षक म्हणतात तो असा.

एकच घोळ झाला. पुस्तकाचं नाव विचारलं, तर तोंडातून निघून गेलं "माडी". आता मंडळाच्या कपाटासाठी प्रत हवी म्हणतायत. कुठे मिळेल? प्रकाशक कोण? लगेच कळव, माझा जीव टांगणीला लागलाय.

तुझीच,
सुहास


पाचोरा
3 फेब्रुवारी 2025

सुहास,

"माडी" हे नाव चांगलं आहे. प्रत मिळणार नाही. एकच आहे आणि ती 21 तारखेला निकालात निघेल.

अनावश्यक पात्राबद्दल मंडळाचं मत समजलं.

कृष्णा


चंदीगड
13 फेब्रुवारी 2025

कृष्णा,

हे पत्र फाडू नकोस. फाडायचं असेल तर सोबतचा कागद आधी बाजूला काढ आणि मग फाड.

शनिवारी मंडळात कश्मिरा उभी राहिली. "सुहासिनीताई, पक्का 'माडी'च ना? कुठेच नाहीये यार. पुण्याच्या तीन दुकानांत फोन केला मी." मधुरिमाताई म्हणाल्या, "मग तुमचीच प्रत आणा की." सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. घरी आले ती तुझ्यावर चिडून. म्हटलं, या कृष्णेने मला तोंडघशी पाडलं. प्रकाशकाचं नाव कुठेतरी असेल म्हणून तुझी सगळी पत्रं टेबलावर काढली, सप्टेंबरपासूनची, आणि शोधत बसले.

शोधताना वाचावं लागलं.

मला काय झालं ते मला सांगता येत नाही. इरा स्वयंपाकघरातून आली आणि म्हणाली, "मम्मा, रो क्यों रही हो?" मी तिला काय सांगू? तीन पत्रं तू मला सरळ लिहिलंस. चौथ्यात गोष्ट करून लिहिलंस. आणि मी त्या गोष्टीचं दोनशे माणसांसमोर भाषण केलं. तुला एक खरं सांगते, चिठ्ठी वाचताना क्षणभर वाटलं होतं, हे आपल्यासारखंच आहे. ते वाटलेलं मी वाक्य करून भाषणात वापरलं आणि पुढे गेले. माझ्यासारखी नीच बाई मीच.

मला आता सगळं आठवतंय. अण्णा खाटेवर बसले होते, कागद ट्रंकेवर ठेवला होता. माझी रिक्षा बाहेर थांबली होती. अण्णा म्हणाले, "वाचून घे गं." आणि मी म्हटलं, "तुमच्यावर विश्वास आहे अण्णा, वाचायचं काय त्यात?" मला तेव्हा वाटलं होतं, किती छान बोलले. आधी अण्णांनी सही केली, मग डॉक्टरकाकांनी, मग मी. माझ्या डोळ्यांसमोर. हे मी कुठेही, कुणासमोरही सांगेन.

वाचनालयात फोन केला, तू रजेवर आहेस म्हणाले. तुझा फोन बंद. दादांना केला, त्यांनी माझा आवाज ऐकून ठेवून दिला. तिकडे निघायचं तर इराची बारावीची परीक्षा दोन दिवसांवर आणि हे दिल्लीला. मला काही सुचेना. शेवटी मधुरिमाताईंना फोन केला आणि सगळं सांगितलं. सगळं म्हणजे, मी आजवर एकही पुस्तक वाचलेलं नाही इथपासून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "प्रतिज्ञापत्र करा. कोर्टाजवळ नोटरी बसतात. आजच जा." अध्यक्षपद गेलं असणार. जाऊ दे.

काल गेले. नोटरीपुढे ही गर्दी. टायपिस्टला हिंदीत सगळं सांगितलं, त्याने भराभर इंग्रजीत टाइप केलं. त्याच्याकडे नमुने तयारच असतात. डोळ्यांतून पाणी थांबत नव्हतं, मागचे लोक "जल्दी करो जी" म्हणून ओरडत होते. प्रत्येक पानावर सही केली. मोठा गोल शिक्का आहे बघ. आज स्पीड पोस्टाने टाकतेय, 21च्या आत नक्की मिळेल. हे दादांच्या वकिलांपुढे ठेव. आता कुणाची हिंमत नाही तुला माडीवरून काढायची.

सही करू नकोस, कृष्णे. माझं ते भाषण विसर. भिंतींत सगळं असतं. सही करू नकोस.

सुहास


पाचोरा
22 फेब्रुवारी 2025

सुहास,

तुझं पाकीट 18ला मिळालं. पत्र वाचून मी वाचनालयाच्या पायरीवर बसून रडले. चांगलं रडले. गेल्या सहा महिन्यांत पहिल्यांदा वाटलं, कुणीतरी माझ्या बाजूला आहे. प्रतिज्ञापत्र उघडून पाहिलंसुद्धा नाही. तुझी सही आणि शिक्का पाहिला आणि छातीशी धरलं. चूक माझीही झाली. मी कधी न वाचता पुढे जात नाही, त्या दिवशी गेले.

20ला दादाच्या वकिलांकडे बसलो. दादा, अंशुमन, मी. मी कागद पुढे ठेवला. दादाचा चेहरा उतरला, तो मी पाहिला. वकिलांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. पहिल्या परिच्छेदात तुझं नाव, दुसऱ्यात अण्णांचं, तारीख, सगळं बरोबर. मग ते थांबले. चष्मा पुसला आणि तिसरा परिच्छेद पुन्हा वाचला. त्यात लिहिलंय, की पिंजौरचे नरेश कुमार यांनी आपला ट्रॅक्टर शपथ घेणाराच्या समक्ष विकला आणि त्या वेळी विक्रेता शुद्धीवर होता. चौथ्यातही ट्रॅक्टरच. अण्णांची सही, डॉक्टरकाका, मृत्युपत्र, यांतलं अक्षर नाही. टायपिस्टने आधीच्या कुणाचातरी नमुना काढला आणि वरचे दोनच परिच्छेद बदलले असावेत. आणि सगळ्यात खाली, तुझ्या सहीच्या वर, "वरील मजकूर मी स्वतः वाचला असून तो सत्य आहे."

अंशुमन हसला. लहानपणी त्याला मी गोष्टी वाचून दाखवायची, तो अंशुमन. दादा हसला नाही, तेवढं त्याच्यासाठी सांगते.

वकील वाईट माणूस नव्हते. म्हणाले, बाई, नवीन करून आणता येईल, पण हे आता माझ्या हातात आहे. शपथेवरचा कागद न वाचता सही करणारी साक्षीदार कोर्टात उभी केलीत, तर समोरचा पहिला प्रश्न काय विचारेल? मृत्युपत्रावर सही करताना तरी तिने काय पाहिलं होतं? आणि दहा वर्षं खटला चालेल, तोवर राहाल कुठे? मला पुढे भांडायचं होतं, सुहास, खरंच होतं. पण त्या हसण्यानंतर माझ्यातलं काहीतरी बसलं. उठवलं तरी उठेना.

तू मधुरिमाताईंना खरं सांगितलंस, ते तुला किती जड गेलं असेल मला कळतं. राग नाही असं म्हणणार नाही. राग आहे, आणि तुझी आठवणही येते. दोन्ही राहू दे. आता चिठ्ठ्या पाठवणार नाही. शाळेतल्या स्मिताबाईंनी त्यांची मागची खोली दिली आहे, पत्ता पाकिटावर आहे.

काल निबंधकांच्या ऑफिसात गेलो. हक्कसोडपत्र चार पानांचं होतं. कारकुनाने बोट ठेवून दाखवलं, इथे, इथे आणि इथे. दादा म्हणाला, "कर पटकन, मुहूर्ताची खरेदी राहिलीय." मी खुर्ची पुढे ओढली, चष्मा लावला आणि चारही पानं वाचली, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत. मागे रांग खोळंबली होती. मग सही केली.

कृष्णा